चिमूट चिमूट माती

पडके दगड बघायला माणसं पैसे देऊन का जातात, ते मला कधी कळलं नाही. आमच्या मिस्टरांना कळत होतं. लंडनच्या रेल्वेत तिकीट खिडकीमागे आयुष्य काढून ते रिटायर झाले आणि घरात बसून माझ्या फोडणीला नावं ठेवण्यापेक्षा बरं म्हणून त्यांनी लायब्ररीत संध्याकाळचा एक क्लास लावला. क्लास उत्खननांचा होता. आमच्या ज्यू शास्त्रात ज्या गावांची नावं येतात, ती जमिनीखालून उकरून काढली आहेत, त्यांचा.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज इस्राएलातून गलबतात बसून निघाले आणि अलिबागजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असं आम्ही सांगत आलो. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. माझ्या वडिलांचा घाणा होता. मी चौथी पास झाले, तिथे शाळा संपली आणि बैलामागे फिरणं सुरू झालं. त्यामुळे जुना देश, जुनी गावं याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. मिस्टरांचे वडील मास्तर होते. मिस्टरांना वाटत असे.

इल्फर्डच्या आमच्या घरात मग टेकड्यांचे नकाशे आले. जेवताना ते सांगायचे, या टेकडीत बारा थर आहेत, एका गावावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं. मी म्हणायचे, आधी ताटातला भात संपवा, त्यालाही थर धरायला लागलाय.

दोन हजार साली मार्चमध्ये आम्ही एकदाचे गेलो. आमच्या मशिदीतल्या मंडळींची ट्रिप होती. सिनेगॉगला आम्ही जुनी माणसं मशीदच म्हणतो. बसने फिरायचं, रोज एकदोन टेकड्या चढायच्या, वर गेलं की भिंतींचे पाये, धान्याची पेवं आणि एक पाटी. माझे गुडघे तेव्हाच गेले होते. काही टेकड्या ज्यूंच्या बाजूला होत्या, काही अरबांच्या. त्या बाजूला जाताना बस थांबवायचे आणि बंदूक घेतलेले पोरगे आत येऊन आमची तोंडं बघून जायचे. मला दोन्हीकडच्या टेकड्या सारख्याच दिसायच्या. पाटी कोणी लावली आहे ते वाचून मिस्टर सांगायचे, ही कोणाकडे आहे. दगडी घाणे मात्र मी नीट बघितले. बैलाचा फेरा आमच्याकडे होता तेवढाच.

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या डोळ्यांवर यरुशलेमची चिमूटभर माती ठेवतात. ही माती लोक आधीच आणून घरात ठेवतात. मिस्टरांचं म्हणणं, नुसती यरुशलेमची नको, जिथे जिथे जाऊ तिथली चिमूटचिमूट हवी. उत्खननाच्या जागेवरून खडासुद्धा उचलायला बंदी असते. म्हणून ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचे आणि मी गाईडच्या आणि त्यांच्या मध्ये आडवी उभी राहायचे. मी तेव्हा बरीच आडवी होते, त्यामुळे जमलं. शेवटी शेवटी गाईडने त्यांना विचारलं की बिनानाडीचे बूट का नाही आणले.

सगळी माती एकाच चहाच्या डब्यात गेली. मी म्हटलं होतं, वेगवेगळ्या पुड्या बांधा, वर नावं घाला. ते म्हणाले, "कशाला? डोळे दोनच आहेत."

डाव्या हाताच्या घरातली माझी शेजारीण तिकडचीच, अरब. सगळा रस्ता तिला पाकिस्तानी समजायचा आणि तीही कोणाला दुरुस्त करत बसायची नाही. अठ्ठेचाळीसच्या लढाईत ती दहा-अकरा वर्षांची होती. आईबापांबरोबर गाव सोडलं ते कायमचं. मग लेबनॉन, मग कुवेत, मग नवऱ्यामागे इल्फर्ड. नवरा वारला होता, मुलगा आणि सून तिच्याजवळ राहत. आमच्या दोघींचं इंग्लिश सारखंच मोडकं होतं, म्हणून आम्हाला एकमेकींचं कळायचं. आपापल्या मुलांचं कळायचं नाही. ती मला सिस्टर म्हणायची. नवस फेडला की मी मलिदा करते, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, गूळ, वेलची. त्याची ताटली फेन्सवरून तिच्याकडे जायची. ती ताटली परत येताना त्यात ऑलिव्ह नाहीतर पालेभाजी भरलेल्या पोळ्या असायच्या. रिकामं भांडं तिने कधी पाठवलं नाही आणि मीही नाही.

ट्रिपला कुठे चाललो ते मी तिच्यापासून लपवलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती की मार्च म्हणजे बदामाचा फुलोरा होऊन गेलेला असेल.

आल्यावर फोटो धुऊन आणले आणि तिने बघायला मागितले. आमच्या किचनमध्ये बसून ती ते भराभर उलटत होती, लोकांचे ट्रिपचे फोटो बघतात तसे. एका फोटोवर थांबली. एका टेकडीवरच्या विहिरीच्या काठावर मी बसले आहे, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, पाय पसरलेले. मागे अंजिराचं झाड आणि त्याच्या मागे फड्या निवडुंगाची रांग.

तिने विचारलं, काठाच्या दगडाला खाचा होत्या का. मी म्हटलं, होत्या, दोराच्या, बोट आत जाईल एवढ्या. त्या मला आठवत होत्या कारण आमच्या गावच्या विहिरीलाही होत्या. मग विचारलं, निवडुंगाच्या पलीकडे उतार आहे का. आहे. उताराला पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत का. होती, त्यात आता पाईनची झाडं लावली आहेत. तिने फोटो माझ्याकडे वळवला.

"तू माझ्या आईच्या जागेवर बसलीयस," ती म्हणाली.

मला आधी वाटलं थट्टा करते आहे. मग तिने सांगितलं. सकाळी बायका पाणी शेंदायला यायच्या तेव्हा प्रत्येकीची जागा ठरलेली असायची. आईची तिथे, अंजिराच्या बाजूला. नवीन लग्न होऊन आलेलीला उन्हात उभं राहावं लागे, सावलीची जागा मिळायला दोन बाळंतपणं व्हावी लागत.

मिस्टर चष्मा लावून आले. म्हणाले, विहीर रोमनांच्या काळातली आहे, पाटीवर तसं लिहिलं होतं. तिने विचारलं, पाटीवर आणखी कोण कोण होतं. मिस्टरांना पाठच होतं. त्यांनी एकेका काळाचं नाव घेतलं, पाच थर सांगितले.

"आम्ही सहावे," ती म्हणाली. "सगळ्यात वरचे."

मिस्टर म्हणाले, तसं पाटीवर काही नव्हतं. खोटं नव्हते बोलत. मी म्हटलं, तुझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, तू जाऊन का नाही बघून येत. तिने विचारलं आत जायला तिकीट आहे का. आहे, म्हटलं, पण म्हाताऱ्यांना कमी आहे.

"माझ्या विहिरीचं तिकीट मी काढणार नाही. कमीचंही नाही."

आणि तिने चहात आणखी साखर घातली.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर तिकडे पुन्हा पेटलं. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. संध्याकाळी दोन्हीकडचे टीव्ही तेच दाखवायचे, त्यांचा अरबीतून, आमचा इंग्लिशमधून. माझी धाकटी बहीण लग्नानंतर तिकडे दक्षिणेत जाऊन राहिली आहे, तिचा नातू तेव्हा नुकताच सैन्यात गेला होता. मी फोनला बसून असायचे. फेन्सवर आम्ही दोघी हवेबद्दल बोलायचो आणि कौन्सिलने कचरा उचलला की नाही याबद्दल. ताटल्या येत-जात राहिल्या. पूर्वीसारख्या भरलेल्या नसत.

अशी दोनतीन वर्षं गेली आणि तिच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलची गाडी तिला न्यायला यायची. एक दिवस ती काठी टेकत आमच्याकडे आली, खुर्चीत बसली, पाणीही घेतलं नाही. पाणी तिला मोजून होतं. नाडीची गोष्ट मी तिला पूर्वी कधीतरी हसत सांगितली होती, ती तिने लक्षात ठेवली होती. तिला ती माती हवी होती. सगळी नको, विहिरीजवळची. बरोबर न्यायला.

मिस्टरांनी डबा आणून तिच्यासमोर उघडला. करडी, पांढरी, लाल, सगळी एकात एक. त्यांनी मनापासून सांगितलं की घ्या ना यातली, हवी तेवढी घ्या, तुमची आहेच त्यात.

"यात माझी कुठली?"

ते सांगू शकले नाहीत. पण गप्पही बसले नाहीत. क्लासला जाऊन आलेला माणूस गप्प बसत नाही. म्हणाले, त्या टेकडीत इतक्या लोकांची राख आणि विटा आहेत की तिथली माती आधीच सगळ्यांची मिसळलेली आहे, कोणा एकाची कधी नव्हतीच. हे खरं असेल. आजारी बाईला सांगायची ती वेळ नव्हती.

ती म्हणाली, "तुम्हाला खालचे पाच थर बघायचे होते, म्हणून वरचा खरवडून बाजूला टाकला. आता म्हणता मिसळलेली आहे."

"मी नाही टाकला," मिस्टर म्हणाले.

"नाही. तुम्ही फक्त नाडी बांधली."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. तीही जरा हसली. मिस्टर हसले नाहीत. तिने डब्याला हात लावला नाही आणि काठी घेऊन घरी गेली.

त्या दिवसापासून मिस्टरांचं जेवणात लक्ष लागेना. पुन्हा जायचं म्हणून ट्रिपवाल्यांना फोन केला. ट्रिपा बंद होत्या. एकटा जातो म्हणाले, तर डॉक्टरने हृदयाचं कारण सांगून विमान मना केलं. तेव्हा मी बहिणीला फोन लावला. म्हटलं, अमक्या टेकडीवर एक विहीर आहे, तिच्या कडेची मूठभर माती कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव, इथे एका बाईची शेवटची इच्छा आहे. कोण बाई ते मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. आपल्यातलीच कोणी असेल असं तिला वाटलं असणार.

पंधरवड्यात माती आली. जाड प्लास्टिकची पिशवी, सीलबंद, वर हिब्रूत छाप, यरुशलेमच्या पवित्र डोंगरावरची माती. बहिणीने बरोबर निरोप दिला होता की त्या आडरानातल्या विहिरीची माती कशाला न्यायची, मरणाऱ्या बाईला चांगल्यातली चांगली द्यावी. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. आमच्यातल्या कोणीही हेच केलं असतं. एवढा त्रास घ्यायचा तर पहिल्या नंबरची माती पाठवायची, दुसऱ्या नंबरची नाही.

मी ती पिशवी शेजारी घेऊन गेले. तिचा पलंग आता खाली पुढच्या खोलीत आणला होता. तिने पिशवी हातात घेतली, छाप बघितला, उलटसुलट केली आणि हसायला लागली, इतकी की सून धावत आली.

"तुझी बहीण भली बाई आहे," ती म्हणाली. "ही तू ठेव सिस्टर, तुला लागेल. आमची लाल होती."

घरी येऊन मी हे मिस्टरांना सांगितलं. थोड्या वेळाने बघते तर खिडकीजवळच्या टेबलावर स्टीलच्या ताटात डबा पालथा केलेला आणि दात कोरायची काडी घेऊन ते लाल कण बाजूला करत होते. एक लाल बाजूला काढला की दोन पांढरे बरोबर जायचे. मी बराच वेळ बघून घेतलं. मग म्हटलं, सरका. तांदूळ निवडण्यात माझा जन्म गेला. ताट उजेडाकडे कलतं करून मी वेचायला लागले, ते शेजारी बसून भिंगातून बघून सांगायचे, हा नव्हे, हा विटेचा तुकडा आहे, हा मडक्याचा. दुपारभर असं चाललं आणि दुसऱ्या दिवशीही. एक चमचाभर लाल निघाली. मी विचारलं, ही सगळी विहिरीचीच का. ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही, लाल माती आणखी दोन टेकड्यांवर होती.

वेलचीच्या रिकाम्या डबीत घालून मी ती नेली. सून चहा करायला आत गेली होती. मी शेजारणीला सांगून टाकलं की लाल तेवढी वेचली आहे, तुमचीच आहे याची खात्री नाही. मला दुसरं काही सांगता आलं नसतं. तिने डबी उघडली, बोट ओलं करून त्यात टेकवलं, बोट दिव्याजवळ नेलं. आमची असेल म्हणाली, नसेलही. डबी उशीखाली ठेवली. मिस्टरांना सांग, म्हणाली, डोळे सांभाळा.

मी उठायला लागले तेव्हा तिने विचारलं, "विहिरीत पाणी होतं का गं?"

मी बसले परत.

मी बघितलं नव्हतं. आयुष्यात मी एकही विहीर न वाकता ओलांडलेली नाही. लहानपणी त्यासाठी मार खाल्लाय. आणि तिथे मी विहिरीकडे पाठ करून बसले, कारण फोटो काढायचा होता, गुडघे ठणकत होते, खालून बसचा हॉर्न वाजत होता. फोटो निघाला, मिस्टरांनी नाडी बांधली, आम्ही उतरलो.

"मी बघितलं नाही," मी म्हटलं.

"काठावर बसलीस आणि आत बघितलं नाहीस?"

"नाही."

तिने मान भिंतीकडे केली. रागावली नव्हती. दमली होती, नाहीतर तिला ते मनात बघायचं असेल. मी चहा घेतला, सुनेशी कचऱ्याच्या नव्या डब्यांबद्दल बोलले आणि घरी आले.

मिस्टरांनी विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या विहिरीचा दगड कोणत्या पद्धतीने घडवला आहे, कोणत्या राजाच्या काळात तोंड बांधलं आहे, सगळं त्यांना माहीत होतं.

"पाटीवर खोली लिहिली होती," ते म्हणाले. "पाण्याचं काही लिहिलं नव्हतं."

मी त्याच वेळी बहिणीला फोन लावला. या वेळी कोणासाठी ते सांगितलं. बहिणीच्या नातवाच्या तुकडीतली दोन मुलं त्या वर्षात मारली गेली होती. मी तिला भरीला घातलं नाही. फक्त म्हटलं, माती नको, काही उचलायचं नाही, आत वाकून बघायचं आणि मला सांगायचं. ती म्हणाली, पोराला गाडी काढायला सांगू तर काय सांगून. मी म्हटलं, म्हातारीला विहीर बघायची आहे म्हण. म्हाताऱ्यांना काहीही सुचतं.

आठवडा गेला. त्या आठवड्यात एका सकाळी शेजारी गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातही आमच्यासारखंच, माणूस गेलं की थांबत नाहीत. दुपारच्या आत नेलं. बायका मागे राहतात, मीही पुढच्या खोलीत त्यांच्यात जाऊन बसले. पलंग आवरला होता, चादरी धुवायला टाकल्या होत्या. डबी कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्या घरातल्या कोणाला डबीबद्दल माहीत होतं असं मला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. ती टेकडीवर जाऊन आली होती. तिकीट काढून वर चढली होती, माझ्याहून तिचे गुडघे वाईट आहेत. विहिरीच्या तोंडावर आता लोखंडी जाळी बसवली आहे, पण जाळीतून दिसतं. दिसलं तरी विश्वास बसेना म्हणून तिने खडा टाकला.

"आहे गं पाणी," ती म्हणाली. "खोल आहे, पण आहे. सांग तिला."

मी हो म्हटलं. तेवढी चढून गेलेली, तिला लगेच काय सांगायचं.

मिस्टरांना सांगितलं, तर ते उठून बागेत गेले आणि उगाच फेन्सचे खिळे बघत उभे राहिले. मला वाटलं होतं तिच्या मुलाला तरी सांगावं. तो रोज सकाळी गाडी काढताना हात करतो, आंटी म्हणतो, चांगला मुलगा आहे. दोनदा मी त्यासाठी दारापर्यंत गेले. पण त्याचा जन्म इथला, आणि पाणी आहे असं म्हटल्यावर त्याने विचारलं असतं, कुठल्या विहिरीत.